मदत हवी आहे: आधी दोस्त, मग दुश्मन, नेटवर्कमध्ये हे नातं दाखवायचं कसं?

एमए समाजशास्त्र, पुणे. प्रबंधाचा विषय: सशस्त्र गटांच्या दोस्ती-दुश्मनीच्या जाळ्यातून हिंसा का भडकते. दुसरं काँगो युद्ध (1998-2003) घेतलंय, डेटा संघर्षाच्या घटनांची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅक्लेडचा. एकाच घटनेत एका बाजूने लढले ते दोस्त आणि समोरासमोर आले ते दुश्मन, असं धरलंय.

घोळ असा की रवांडा आणि युगांडा 1998 ला काँगोचे अध्यक्ष कबिला यांच्या विरोधात एकत्र घुसले आणि 1999, 2000 मध्ये काँगोतल्याच किसंगानी शहरात एकमेकांवरच तोफा डागल्या, आता सगळी वर्षं एकत्र केली की जाळ्यात या दोघांना जोडणारी रेघ ना धड दोस्तीची ना दुश्मनीची, आणि मला तर नेमकी तीच फाटाफूट बघायचीय!

वर्षावार तुकडे करून पाहिले, तर छोटे माई-माई (काँगोतले स्थानिक सशस्त्र) गट एकेका घटनेपुरते दिसतात न् गायब. दोस्ती-दुश्मनीच्या दोन वेगळ्या फायली केल्या तर 'मित्राचा शत्रू तो आपलाही शत्रू' वाले तीन गटांचे त्रिकोण मोजता येत नाहीत. शिवाय 'अनोळखी सशस्त्र गट' सगळ्यांशी जोडला जाऊन मधोमध बसतो, तो सध्या काढलाय (काढल्यावर बऱ्याच घटना जातात, ते कळतंय).

गेफी (जाळी काढायचं सॉफ्टवेअर) येतं, आर (आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा) जेमतेम, पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर नको. गाईड म्हणतात तुमचं तुम्ही ठरवा. कोणी डेक्कनच्या आसपास असेल तर भेटायलाही येईन, चहा माझ्याकडून.

तर सहा-सहा महिन्यांच्या एकमेकांवर चढणाऱ्या खिडक्या (कालखंड) घेऊ, की रेघेचं चिन्ह (दोस्ती अधिक, दुश्मनी उणे) बदलतं तीच घटना धरून आधीचं-नंतरचं जाळं ताडून बघू?