चुंबकाचा ‘उत्तर ध्रुव’ म्हणजे नेमकं काय?

मुलगी सहावीत आहे. काल तिने पट्टीचुंबक मधोमध दोरा बांधून दाराच्या चौकटीला टांगला. चार गिरक्या घेऊन तो उत्तर-दक्षिण थांबला. लगेच प्रश्न आला, “आई, सजातीय ध्रुव एकमेकांना ढकलतात ना? मग याचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे कसा ओढला गेला?” मला उत्तर देता आलं नाही. शब्दात घोळ आहे का?

प्रतिसाद १
ताई, लेकीची शंका अगदी रास्त आहे. चुंबकाचा उत्तर ध्रुव म्हणजे उत्तरेकडे तोंड करून थांबणारा ध्रुव, एवढाच अर्थ. पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, हे इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम गिल्बर्टने १६०० साली मांडलं. तिचा उत्तरेकडचा चुंबकीय ध्रुव चुंबकाच्या हिशेबाने दक्षिण ध्रुव ठरतो, म्हणून तो आपल्या चुंबकाचं उत्तर टोक ओढून घेतो. नियम कुठेच मोडत नाही.

आणखी एक. ‘ध्रुव’ म्हणजे अढळ. पण पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव सरकत असतात. १८३१ साली ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉसला उत्तरेकडचा ध्रुव कॅनडात सापडला. आता तो आर्क्टिक महासागरातून सायबेरियाच्या दिशेने सरकतो आहे.

प्रतिसाद २
मला ‘सजातीय’ खटकतो. शब्द चुकीचा नाही, इथे जात म्हणजे प्रकार. पण आमच्या वर्गात एका मुलाने “चुंबकालाही जात असते?” असं विचारलं, तेव्हापासून मी आधी ‘सारखे ध्रुव’, ‘वेगळे ध्रुव’ म्हणते आणि पुस्तकी शब्द नंतर देते. ‘प्रतिकर्षण’, म्हणजे दूर ढकलणं, याचंही तसंच. त्यातलं संस्कृत ‘कृष्’ म्हणजे उलट ओढणं, नांगरणं, ‘कृषी’ त्यातलाच. मुलांना आधी ‘ढकलणं’ हातात जाणवू द्यावं. दोन चुंबकांची सारखी टोकं जवळ आणली की मधे काही नसतानाही बोटांना रेटा लागतो.

प्रतिसाद ३
मग ‘ध्रुव’ सोडून सरळ ‘टोक’च म्हणावं का?

प्रतिसाद २
नको. जुन्या स्पीकरमधला कडीसारखा चुंबक बघा. त्याला टोकच नाही, ध्रुव असतात दोन सपाट बाजूंना. आणि पट्टीचुंबक मधोमध मोडला तर एका हातात नुसता उत्तर आणि दुसऱ्या हातात नुसता दक्षिण येत नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही ध्रुव असतात.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. रद्दीतल्या रेडिओचा स्पीकर आहे घरात. संध्याकाळी लेकीसोबत त्याचे ध्रुव शोधते.