मुलीची पहिली रायफल: स्प्रिंगची, कॉम्प्रेस्ड हवेची की अजून कोणतीच नको?

सागरकिनारा, रत्नागिरी:
माझी मुलगी अकरा वर्षांची असून गेले पाच महिने ती नेमबाजीच्या रेंजवरच्या सामायिक एअर रायफलने सराव करते आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून तिचे मन या खेळात गुंतले आहे. आता तिला स्वतःची रायफल घ्यावी आणि ती स्प्रिंगची, हलकी असावी, असे माझे मत आहे. ती तुलनेने स्वस्त पडते, कॉम्प्रेस्ड हवेच्या रायफलसारखा हवेचा सिलिंडर भरून आणावा लागत नाही आणि घराच्या परड्यातही सराव करता येतो. नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटर असलेल्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवानाही लागत नाही.

माडबाग, देवगड:
मी याच्याशी सहमत नाही. स्प्रिंगच्या रायफलमध्ये चाप ओढल्यावर जड दट्ट्या पुढे धावतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच रायफल हादरते. दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे नेम मुलीचा चुकला की रायफलचा, हेच तिला कळणार नाही. शिवाय नळी बिजागरीवर खाली वाकवून स्प्रिंग दाबायला लागणारा जोर लहान मनगटांना झेपत नाही, आणि नळी उघडी असताना चुकून चाप ओढला गेला तर ती झटकन वर येऊन बोटे चिरडू शकते. परवाना लागत नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ कृपया काढू नका. परड्यातल्या सरावाला तर माझा ठाम विरोध आहे. आपल्याकडे वाडीत माकडांचा उपद्रव एवढा आहे की कोणीतरी शेजारी "पोरीला सांग, त्या वानरावर एक छर्रा मार" असे म्हणणारच. आणि वानर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे.

जुनी नेमबाज, चिपळूण:
माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. प्रश्न स्प्रिंगचा की हवेचा, हा दुसरा; पहिला प्रश्न मापाचा आहे. स्पर्धेत एअर रायफलला साडेपाच किलोपर्यंत वजनाची मुभा आहे, पण अकरा वर्षांच्या मुलीला त्याच्या जवळपासचे वजन पेलवत नाही. मग ती कंबर मागे झुकवून तोल सांभाळते आणि ती सवय पुढे सुटत नाही. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, लांब असला तर गाल नेमक्या जागी टेकत नाही. मी स्वतः मोठ्या भावाच्या रायफलने शिकले आणि चुकीची मान सरळ करण्यात दोन वर्षे गेली. म्हणून दस्त्याची लांबी कमी-जास्त करता येईल अशी हलकी, कॉम्प्रेस्ड हवेची रायफल शोधा आणि तोपर्यंत रेंजवरचीच, आधारावर ठेवून, वापरा. मुलीची उंची अजून वाढते आहे.

सागरकिनारा:
बोटांचा आणि वानरांचा मुद्दा मला पटला. परड्यातला सराव मी सोडून देतो. परंतु सिलिंडरचे काय? आमच्या भागात तो भरून मिळणे कठीण आहे.

माडबाग:
हातपंप मिळतो, कष्ट पडतात, पण ते वडिलांचे. जी रायफल घ्याल ती कुलपात ठेवा, छर्रे वेगळ्या कुलपात. खाऱ्या हवेत नळी लवकर गंजते, म्हणून सराव झाल्यावर बाहेरून तेलाचा पुसट हात फिरवा, मात्र स्प्रिंगची असेल तर दट्ट्याच्या कप्प्यात साधे तेल जाऊ देऊ नका, दाबाने ते पेट घेते. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे मुलीने जेवण्यापूर्वी साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

जुनी नेमबाज:
हातपंपाबद्दल मी सहमत आहे. पण खरेदीला पावसाळा संपेपर्यंत थांबा आणि तिला सोबत घेऊन जा. रायफल खांद्याला लावून एक मिनिट स्थिर धरायला सांगा. हात थरथरला तर ती रायफल तिची नव्हे.