मदत हवी आहे: पेनसिल्व्हेनियातील बून या क्वेकर घराण्याशी जोडणारी एक पिढी सापडत नाही

सप्रेम नमस्कार.

माझी सून इंडियाना राज्यातील रिचमंडची. तिच्या आजोळी पिढ्यानपिढ्या असे सांगितले जाते की, घराण्यातील एक पूर्वज स्त्री पेनसिल्व्हेनियातील एक्सेटरच्या जॉर्ज बून यांची नात होती. केंटकीकडची वाट मोकळी करणारा म्हणून अमेरिकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेल्या डॅनियल बूनचे हे आजोबा. माझ्या नातीसाठी दोन्ही बाजूंची वंशावळ लिहून ठेवायचे आम्ही ठरवले आहे. आमच्या बाजूची नावे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मिळाली. सुनेच्या बाजूची मात्र एका पिढीपाशी अडली आहेत. फिलाडेल्फिया किंवा नॉर्थ कॅरोलायना परिसरातील वाचकांपैकी कोणी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दप्तरांत शोध घेतला असेल, तर त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

वरच्या टोकाची माहिती पक्की आहे. जॉर्ज बून हे इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या ब्रॅडनिंच गावचे विणकर. त्यांनी तीन मोठी मुले आधी पाठवली आणि पत्नी मेरी व उरलेल्या मुलांसह १७१७ मध्ये ते स्वतः फिलाडेल्फियाला उतरले. पेनसिल्व्हेनियात बंदरावरच्या याद्या १७२७ पासून ठेवल्या जाऊ लागल्या आणि त्याही प्रामुख्याने जर्मन प्रवाशांच्या, त्यामुळे या कुटुंबाचे नाव तिथे मिळण्याचा प्रश्नच नाही. त्याऐवजी तिथल्या ग्विनेड येथील मासिक सभेच्या (महिन्यातून एकदा भरणाऱ्या, पंथाचा स्थानिक कारभार पाहणाऱ्या बैठकीच्या) इतिवृत्तात, त्यांनी इंग्लंडमधील कलम्प्टन सभेने दिलेला सद्वर्तनाचा दाखला सादर केल्याची नोंद आहे. त्याच इतिवृत्तात पुढे, एका तरुणाला आपल्या मुलीशी विवाहाच्या हेतूने भेटीगाठी घेण्यास आपण रीत सोडून घाईने संमती दिली, अशी त्यांची जाहीर कबुलीही सापडते. सामान्य विणकराच्या घरातली इतकी बारीक गोष्ट तीनशे वर्षांनंतर वाचायला मिळते, ही या दप्तराची मोठी देणगी आहे.

हे दप्तर ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. क्वेकरांमध्ये बाप्तिस्मा नसल्याने त्यांच्या मुलांच्या नोंदी इंग्लंडच्या चर्चच्या वह्यांत मिळत नाहीत. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची नोंद त्यांची मासिक सभाच ठेवत असे. विवाहाच्या दाखल्यावर वधूवरांबरोबर हजर असलेले सर्वजण सही करत आणि जवळचे नातेवाईक बहुधा वधूवरांच्या नावाखाली वेगळ्या रांगेत असत, त्यामुळे एकाच कागदावरून भावंडे, मामा, काका ओळखता येतात. गाव बदलताना जुन्या सभेचा दाखला नव्या सभेत द्यावा लागे. स्त्रियांची सभा स्वतंत्र भरे आणि तिचे इतिवृत्तही वेगळे असे. महिन्यांची नावे अन्य दैवतांवरून पडलेली आहेत म्हणून ते महिने आकड्यांनी लिहीत, आणि १७५२ पूर्वी पहिला महिना मार्च हा होता. आंतरजालावरील अनेक वंशावळींत त्या काळातला ‘सातवा महिना’ जुलै म्हणून उतरवला आहे. वास्तविक तो सप्टेंबर असतो. म्हणून तयार वंशावळींवर मी विसंबत नाही, मूळ पानच पाहते.

आता खालच्या टोकाकडून. रिचमंडच्या व्हाइटवॉटर मासिक सभेची स्थापना १८०९ ची. सुनेचे पूर्वज असलेले एक दांपत्य तिथे नॉर्थ कॅरोलायनातील न्यू गार्डन सभेचा दाखला घेऊन आले. गुलामगिरीच्या प्रदेशात राहायचे नाही म्हणून त्या काळात शेकडो क्वेकर कुटुंबे कॅरोलायना सोडून ओहायो आणि इंडियानाकडे गेली, त्यांतलेच हे एक. न्यू गार्डनच्या नोंदींत पतीचे आईवडील सापडतात. पत्नीच्या बाबतीत मात्र तिला ‘विनंतीवरून’ सभासद करून घेतल्याची एवढीच नोंद आहे. आईवडील दोघेही सभासद असते, तर ती जन्मानेच सभासद ठरली असती. याचा अर्थ तिचे आईवडील, किंवा निदान त्यांपैकी एक, त्या वेळी सभेच्या बाहेर होते. घरच्या आठवणीनुसार तिची आई म्हणजेच ती बून. हाच दुवा मला कागदावर दाखवता येत नाही.

ही आठवण मी सोडून देत नाही याचे कारण, अशी माणसे सभेबाहेर कशी जात याचे उदाहरण याच घराण्यात आहे. जॉर्ज यांचा मुलगा स्क्वायर बून याची मुलगी सारा हिने १७४२ मध्ये क्वेकर नसलेल्या पुरुषाशी लग्न केले. पुढे मुलगा इझ्रायल यानेही तसेच केले, तेव्हा स्क्वायरने चूक मान्य करायला नकार दिला आणि १७४८ मध्ये त्याचे सभासदत्व काढून घेण्यात आले. १७५० मध्ये ते कुटुंब पेनसिल्व्हेनिया सोडून यथावकाश नॉर्थ कॅरोलायनात याडकिन नदीच्या खोऱ्यात गेले. काढून टाकलेल्या माणसाला प्रार्थनेला बसता येई, पण सभेच्या कामकाजात भाग घेता येत नसे. चूक लेखी कबूल केली की परत घेतले जाई. स्क्वायरची पुतणी ॲन हिने १७६० मध्ये अब्राहम लिंकन नावाच्या शेजाऱ्याशी सभेबाहेर लग्न केले (राष्ट्राध्यक्षांच्या पणजोबांचा हा सावत्र भाऊ) आणि नंतर सभेपुढे त्याबद्दल खेद नोंदवला. जे खेद नोंदवत नसत त्यांच्या मुलांचे जन्म मात्र पुढे सभेच्या वहीत येत नाहीत, आणि आमचा माग नेमका तिथेच तुटतो.

घराण्याचा पसाराही मोठा आहे. जॉर्ज यांच्या एका नातवाने लिहून ठेवलेल्या वंशवृत्तानुसार, १७४४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांची ८ मुले, ५२ नातवंडे आणि १० पतवंडे हयात होती. एकूण ७०, म्हणजे बायबलमधील याकोबाच्या घराण्यातील जितकी माणसे मिसर देशात गेली तितकीच, असेही त्याने आवर्जून नोंदवले आहे. त्या ५२ मधील नातींतून आमची कोण हे ठरवायचे आहे. सारा, मेरी, हॅना, एलिझाबेथ हीच नावे प्रत्येक शाखेत पुन्हा पुन्हा येत असल्याने केवळ नाव जुळले म्हणून नाते मानणे मला मान्य नाही. डॅनियल बूनच्या कीर्तीमुळे त्याच्या घराण्याशी नाते जोडण्याचा मोह किती जणांना झाला आहे, हे आंतरजालावर दिसतेच.

माझे प्रश्न असे. एक्सेटरची मासिक सभा १७३७ मध्ये ग्विनेडपासून वेगळी झाली. हिनशॉ यांनी केलेल्या क्वेकर नोंदींच्या संकलनाच्या पहिल्या खंडात न्यू गार्डन आहे, परंतु दुसऱ्या खंडात एक्सेटर नाही, त्यामुळे मूळ इतिवृत्तच पाहावे लागणार. एक्सेटरच्या स्त्रियांच्या सभेचे अठराव्या शतकाच्या मध्यातील इतिवृत्त स्वार्थमोर किंवा हॅवरफर्ड महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का, आणि तिथे बाहेरच्या व्यक्तीने आधी वेळ ठरवून जावे लागते का? सभेबाहेर लग्न केलेल्या स्त्रीची नोंद करताना पतीचे नाव लिहिण्याची तिथे प्रथा होती का? ते नाव मिळाले, तर नॉर्थ कॅरोलायनाच्या रोवन परगण्यातील जमिनीच्या खरेदीखतांशी आणि करयाद्यांशी ते पडताळता येईल.

दुसरा मार्ग मृत्युपत्रांचा. जॉर्ज यांच्या मुलांच्या मृत्युपत्रांत विवाहित मुलींचा उल्लेख पतीच्या आडनावाने असण्याची शक्यता आहे. एक्सेटर ज्यात येते तो बर्क्स परगणा १७५२ मध्ये निर्माण झाला, म्हणून त्याआधीची मृत्युपत्रे फिलाडेल्फियाच्या दप्तरात शोधावीत असे मी समजते. त्यात आणखी कोणते दप्तर पाहायला हवे, हे जाणकारांनी सांगावे. दफनभूमीकडून फारशी आशा नाही, कारण नाव कोरलेला दगड उभारणे हे त्या काळचे क्वेकर दिखाऊपणाचे मानत.

शेवटचा प्रश्न जनुकीय चाचणीचा. आमची साखळी कधी मुलीकडून तर कधी मुलाकडून आलेली असल्याने केवळ पितृवंशाची किंवा केवळ मातृवंशाची चाचणी उपयोगाची नाही. सर्वसाधारण चाचणीत सात-आठ पिढ्यांमागच्या पूर्वजाचा अंश इतका थोडा उरतो की तो अजिबात न दिसणेही शक्य आहे. तरीही सुनेच्या आजीची चाचणी केली तर दोन पिढ्या जवळच्या होतील. आजीबाई तयार आहेत, परंतु त्यांचे वय पाहता हा निर्णय लवकर घ्यावा लागेल. बूनच्या सिद्ध वंशजांशी त्यांची तुलना करून काही निष्कर्ष निघू शकतो, असा कोणाचा अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे. कुटुंबाचे आडनाव आणि मिळालेल्या नोंदींच्या प्रती मी व्यक्तिगत निरोपातून पाठवीन.