दोघांनीच नाश्त्याला जाण्याबद्दल

सुट्टीत हॉटेलात राहताना मुलांना खोलीत झोपलेलं ठेवून आई-बाबांनी दोघांनीच खाली नाश्त्याला जाणं म्हणजे स्वार्थीपणा, असं कुणीतरी लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही. मुलं वयात आलेली असतील तर त्यांचंही त्यात भलंच आहे. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात रात्री उशिरा वाढायला लागतं, म्हणून त्यांना झोपही उशिरा लागते. सकाळी सातला हाका मारून उठवणं म्हणजे त्यांची झोप अर्ध्यावर मोडणं. सुट्टीत तरी झोपू दे त्यांना! मुलं लहान असतील तर गोष्ट वेगळी, मग आजी-आजोबा किंवा मावशी-काका बरोबर असतील तरच हे जमवावं. एकटं मात्र ठेवू नये.

वेळेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. नाश्ता सुरू होतो तेव्हाच जायचं. शेवटच्या तासात सगळं हॉटेल एकदम खाली उतरतं, रांगा लागतात, भांडी रिकामी दिसायला लागतात. सुरुवातीला खिडकीजवळचं टेबल मिळतं, सगळं ताजं असतं, वाढणाऱ्यांनाही दोन शब्द बोलायला सवड असते. आम्ही एकच फोन बरोबर नेतो, तोही मुलांनी हाक मारली तर कळावं म्हणून. घरी आमचं बोलणं म्हणजे बिलं, डबे आणि कोण कुणाला आणायला जाणार. तिथे यातलं काहीच नसतं. नवरा कॉफीचा दुसरा कप घेऊन येतो आणि तोही गरम असतानाच पिऊन होतो. वर आल्यावर मुलांना उठवायचं, त्यांच्याबरोबर पुन्हा खाली जाऊन नुसतं बसायचं, तेव्हा घाई करायची नाही.