ऑफर हातात नसताना पेपर टाकायचे का?

फेजतीनवाला:
शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. ज्याची नोटीस 90 दिवसांची आहे, म्हणजे राजीनाम्यानंतर तेवढे दिवस काम करावं लागतं, त्याने ऑफरची वाट बघत बसू नये, सरळ पेपर टाकावेत, म्हणजे राजीनामा द्यावा. टाकण्याआधी पाच महिने माझा फोनवर एकच संवाद चालायचा. ‘नोटीस किती?’ ‘तीन महिने.’ ‘बायआउट, पैसे भरून लवकर सुटता येतं?’ ‘कंपनी देत नाही.’ ‘बरं, कळवतो.’ एकानेही कळवलं नाही. पेपर टाकले, शेवटचा दिवस ठरला, आणि हेच लोक हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असताना फोन करायला लागले. 40 दिवस उरले होते तेव्हा हातात दोन ऑफर होत्या. ‘आधी दुसरी बघ, मग पहिली सोड’ हे वडिलांच्या पिढीचं ठीक होतं. आता सगळ्यांना माणूस पंधरा दिवसांत हवा असतो.

आधी_बॅकअप:
तुमचं जमलं, आनंद आहे. मी हाच हिशेब जानेवारी 2023 मध्ये केला. त्याच महिन्यात गूगलने 12,000 आणि मायक्रोसॉफ्टने 10,000 लोक कमी करण्याचं जाहीर केलं, आणि इकडे येणारे फोन बंद झाले. राजीनामा मागे घ्यायला गेलो तर माझ्या जागी माणूस आलेला. सात महिने घरी. शेवटी आधीच्या पगारापेक्षा कमीत गेलो, कारण समोरच्याला माहीत होतं की याला गरज आहे. आणि पगारापेक्षा मोठी गोष्ट कोणी बोलतच नाही: शेवटच्या दिवशी कंपनीचा मेडिक्लेमही संपतो. वडिलांची बायपास झालेली. नवी पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबा.

फेजतीनवाला:
मेडिक्लेमचा मुद्दा मान्य. पण ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधी काढलेला काळ धरला जातो. नोटीस चालू असतानाच अर्ज करायचा.

आधी_बॅकअप:
येतं. 71 वर्षांच्या माणसाचा हप्ता किती येतो तेही विचारून बघा. मी विचारला होता.

म्हैसूर_रिटर्न:
दोघेही बाजारावर भांडताय, कॅलेंडर कोणी बघत नाही. माझ्या टीममधल्या एकीने चार वर्षं चार महिने झाल्यावर वैतागून पेपर टाकले. नोटीस धरून चार वर्षं सात महिने. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेला, सलग पाच वर्षं लागतात (चार वर्षं 240 दिवसही चालतात असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे, पण एचआर तो सुखासुखी मान्य करत नाही). बेसिक, म्हणजे मूळ पगार, 50,000 धरा. गुणिले 15, भागिले 26, गुणिले पाच: 1,44,000 च्या वर. पाच महिने मॅनेजरची कटकट सोसायचे महिना जवळपास 29,000 झाले. माझा मॅनेजर असता तर मी तरीही सोडली असती, तो भाग वेगळा.

कोथरूडची_सून:
मूळ प्रश्न 90 दिवसांचा आहे, त्यावर कोणी बोलेल का? कंपनीला नको असलेला माणूस एका दुपारी लॅपटॉप जमा करून बाहेर. आपण सोडायचं म्हटलं की तीन महिने केटी, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवत बसा. कायद्याने कुणाला जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही हे खरं, पण रिलीव्हिंग लेटर (कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) अडवलं की सगळा कायदा खिशात. मी पेपर टाकले नाहीत. ऑफरही नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडायला अजून दोन पगार हवेत, तोवर ‘कळवतो’ ऐकतेय.

आधी_बॅकअप:
ताई, सहा नको, नऊ धरा.