एसीएल तुटलंय: ऑपरेशन की फिजिओ?

प्रश्न (वाशी): भाऊ २६ वर्षांचा, कबड्डीत गुडघा पिळला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध) पूर्ण तुटलेलं, गादी (हाडांमधली कूर्चेची चकती, मेनिस्कस) शाबूत. ऑपरेशन लगेच करावं का?

ठाण्याहून: घाई नको. आधी सूज उतरू द्या, गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या, मांडीचा पुढचा स्नायू कमवा. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो पुढेही आखडलेलाच राहण्याची भीती असते. स्वीडनमधल्या १२१ जणांच्या अभ्यासात आधी व्यायामावर ठेवलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ५ वर्षांत ऑपरेशन लागलंच नाही.

नेरुळहून: खरं, पण कबड्डी सोडायची नसेल तर पारडं ऑपरेशनकडे झुकतं. वळताना, स्टेशनचा जिना उतरताना गुडघा सटकतो का बघा. वारंवार सटकला तर गादी फाटते. आणि अडकून सरळच होईना, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

ठाण्याहून: ऑपरेशन केलं तरी फिजिओ चुकत नाही. ९ महिन्यांआधी मैदान नको. दुखापत झालेल्या एका पायावरची उडी चांगल्या पायावरच्या उडीच्या किमान ९०% हवी.