नवी .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफल: पहिली सफाई कशी करायची? (नागपूर)

प्रतापनगर२२: लायसन्सवर नवी .२२ सेमी-ऑटोमॅटिक घेतली, अजून एकही राउंड (काडतूस) चालवलेला नाही. आतबाहेर कंपनीचं चिकट तेल आहे. रेंजवर नेण्याआधी ते किती काढायचं? रिसीव्हर (नळीमागची पेटी) मागून बंद आहे, रॉड मागून जात नाही. नळी तोंडाकडून साफ केली तर चालेल का? दस्ता अक्रोडाचा आहे. रायफल कुलरच्या खोलीतल्या कपाटात असते.

सुतीपॅच: आधी मॅगझिन काढा, मगच बोल्ट (रिसीव्हरमधला मागेपुढे सरकणारा भाग) ओढा. उलट केलं तर बोल्ट पुढे जाताना वरचा राउंड चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेत) नेऊन बसवतो आणि मॅगझिन काढल्यावर रायफल रिकामी आहे असं वाटत राहतं. बोल्ट मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, करंगळीचं टोक लावून खात्री करा.

कंपनीचं तेल हे गंज रोखायला असतं, चालवायला नाही. ते पूर्ण काढा. नळी आणि चेंबर तर कोरडेच हवेत, तेलकट नळीतून पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात. बोल्ट रॉकेलने धुतला तरी चालतो, पण रॉकेल सगळं तेल ओढून नेतं. म्हणून पुसून लगेच बोल्टच्या घासणाऱ्या बाजूंना दोन-तीन थेंब पातळ तेल द्या, शिलाई मशीनचं चालेल. खोबरेल किंवा मोहरीचं नको, ते जमून चिकट होतं. फायरिंग पिनच्या (राउंडवर आपटून तो उडवणाऱ्या सुईच्या) खाचेत आणि मॅगझिनमध्ये तेल घालू नका. आपल्याकडच्या मे महिन्याच्या धुळीत त्याचा चिखल होतो, पिन मंदावते आणि राउंड फुटत नाही.

तोंडाकडून रॉड घालणं टाळा. नळीच्या तोंडाची कड रॉडने घासली गेली की नेम बिघडतो आणि तो सफाईने परत येत नाही. पुल-थ्रू, म्हणजे पॅच (पुसायचं कापड) बांधलेली दोरी, चेंबरकडून घालून तोंडाकडून ओढा. जुन्या सुती धोतराचे इंचभर चौकोनी तुकडे पॅचला उत्तम.

प्रतापनगर२२: आभारी आहे दादा. दर वेळी नळी घासायची का?

सुतीपॅच: नाही. .२२ ची गोळी शिशाची, वर मेणाचा हात असतो. तो थर नळीत एकसारखा बसला की नेम स्थिर होतो. गोळ्या पसरायला लागल्या तरच नळी साफ करा. खरी घाण चेंबरमध्ये आणि बोल्टच्या तोंडावर बसते. या रायफलीत बोल्टला कुलूप नसतं, तो फक्त वजनावर आणि स्प्रिंगवर थांबतो, त्यामुळे काजळी मागे रिसीव्हरमध्ये फेकली जाते. दर २००-३०० राउंडनंतर चेंबर .२२ च्या ब्रशने फिरवून घ्या. तिथे मेण आणि काजळीची कडी तयार झाली की राउंड पूर्ण बसत नाही. एक्स्ट्रॅक्टरच्या (उडालेल्या राउंडची रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखाली टूथपिक फिरवा. नखाखाली काजळी दाटली की पुंगळी आतच राहते. रिकामा घोडा दाबत बसू नका, बऱ्याच .२२ मध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पाडते. सरावाला स्नॅप कॅप (दारू नसलेला खोटा राउंड) वापरा.

जवस_तेल: राजेहो, कुलरचं कुणी बोललंच नाही! नागपुरात पावसाळ्याइतकाच गंज कुलरमुळे धरतो, तोही ४५ अंशांत. रायफल दुसऱ्या खोलीत हलवा. चामड्याच्या किंवा फोमच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ओल धरून राहते. कपाटात निळी सिलिका जेल ठेवा, गुलाबी पडली की बदला. लोखंडावर बोट लागलं की घामाचा ठसा उठतो, तेलाच्या फडक्याने लगेच पुसा.

दस्त्याला जवसाचं तेल बोटाने अगदी पातळ चोळा, १५ मिनिटांनी जादा पुसून घ्या. ते फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.

सुतीपॅच: एक राहिलं. काजळीत शिसं असतं. सफाईनंतर साबणाने हात धुवा, आणि हे काम स्वयंपाकघरात करू नका. ट्रिगरचा संच उघडू नका, तो परवानाधारक आर्मररकडेच (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या.